उन्हाळी सिंगलचा निकाल पहिल्या आठवड्यात का लागत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पॉप-रॉक बँडचे उन्हाळी सिंगल (सिंगल म्हणजे अल्बमपासून वेगळे काढलेले एकच गाणे) मेच्या अखेरीस प्रसिद्ध झाले, पहिल्या आठवड्यात चार्टवर चांगल्या क्रमांकाने दाखल झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात बरेच खाली घसरले. समीक्षकांनी कोमट लिहिले, जुने चाहते ‘बँड बदलला’ म्हणून नाराज आहेत, रेडिओवर मात्र गाणे हळूहळू वाढते आहे, आणि बँडची मंडळी सगळे उत्तम चालले असल्याचे सांगत आहेत. यात खरे काय मानायचे, आणि पुढच्या वर्षी स्वतःचे पहिले उन्हाळी सिंगल आणू पाहणाऱ्या एका लहान बँडने यातून काय घ्यायचे, असे विचारले आहे. येथे उन्हाळा म्हणजे युरोप-अमेरिकेतील जून ते ऑगस्ट हा काळ धरला आहे, कारण ‘समर सिंगल’ हा प्रकार त्या हंगामाभोवतीच घडला.

गाण्यांच्या प्रकाशनाचे नियोजन हेच माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे आधी माझे मत सांगतो आणि मग त्याची कारणे देतो. दिलेल्या माहितीवरून हे सिंगल पडले असे म्हणता येत नाही. ते चालले असेही अजून म्हणता येत नाही, परंतु विचारणाऱ्याने ज्या तीन गोष्टींवरून काळजी व्यक्त केली आहे, म्हणजे दुसऱ्या आठवड्यातील घसरण, कोमट समीक्षा आणि जुन्या चाहत्यांची नाराजी, त्यांपैकी एकही गोष्ट उन्हाळी सिंगलचे भवितव्य ठरवत नाही. जी चौथी गोष्ट त्यांनी जाता जाता नोंदवली आहे, ती म्हणजे रेडिओवरची वाढ, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तीच आहे.

पहिल्या आठवड्याचा क्रमांक गाण्यापेक्षा बँडविषयी अधिक सांगतो. १० जुलै २०१५ पासून जगभर नवे संगीत शुक्रवारी प्रसिद्ध करण्याची पद्धत सुरू झाली (त्याआधी अमेरिकेत मंगळवार आणि ब्रिटनमध्ये सोमवार हे वार ठरलेले होते), आणि चार्टचा मोजणीचा आठवडाही शुक्रवार ते गुरुवार असाच धरला जातो. ज्यांनी प्रकाशनाआधीच गाणे आपल्या संग्रहात यावे अशी नोंद (प्री-सेव्ह) करून ठेवली आहे, ज्यांना बँडच्या प्रत्येक घोषणेची सूचना मिळते, जे पहिल्या दिवशी दहा वेळा गाणे लावतात आणि सही केलेली विनाइल प्रत मागवतात, ते सगळे या सात दिवसांत आपला वाटा उचलून मोकळे होतात. बँडचा चाहतावर्ग जितका निष्ठावान, तितका हा पहिला आकडा उंच आणि तितकीच पुढची घसरण खोल. म्हणून दुसऱ्या आठवड्यात आकडा निम्म्यावर आला, तरी त्यातून एवढेच कळते की चाहते वेळेवर आले होते. ज्यांना बँडचे नावही ठाऊक नाही अशा श्रोत्यांपर्यंत गाणे अजून पोचलेलेच नसते, आणि उन्हाळी सिंगल काढण्याचा सारा हेतू तर हाच श्रोता असतो. मी स्वतः तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यांतील रेषा पाहतो. तेथे घसरण थांबून आकडे सपाट झाले, तर चाहत्यांची लाट ओसरल्यावर खाली दुसरा कोणता तरी श्रोता उभा आहे, असा त्याचा अर्थ होतो.

शिवाय चार्ट म्हणजे कोणता चार्ट, हेही आधी स्पष्ट करून घ्यावे लागते. अमेरिकेचा बिलबोर्ड हॉट १०० हा ऑगस्ट १९५८ पासून निघत असलेला चार्ट स्ट्रीमिंग, रेडिओवरील प्रक्षेपण आणि विक्री या तिन्हींची गोळाबेरीज करतो. ब्रिटनच्या अधिकृत सिंगल्स चार्टमध्ये रेडिओ धरलाच जात नाही. तेथे विक्रीबरोबर २०१४ पासून स्ट्रीम मोजले जाऊ लागले, आणि पुढे ठरलेल्या हिशेबाप्रमाणे पैसे भरणाऱ्या श्रोत्यांचे १०० किंवा फुकट ऐकणाऱ्यांचे ६०० स्ट्रीम म्हणजे एक विक्री असे गणित झाले. त्यातच २०१७ साली आणखी एक नियम आला: गाणे साधारण दहा आठवडे चार्टवर राहिले आणि त्याचे आकडे सलग तीन आठवडे घसरले, की त्याच्या स्ट्रीमचे मूल्य निम्मे धरायचे. जुन्या गाण्यांनी जागा अडवून धरू नये हा त्यामागचा हेतू होता. पण पॉप-रॉक बँडची ताकद बहुधा रेडिओवर असते आणि त्यांची गाणी हळूहळू वर जातात, त्यामुळे तेच गाणे एकाच आठवड्यात हॉट १०० वर चढताना आणि ब्रिटनमध्ये एकदम गडप झालेले दिसू शकते. श्रोत्यांच्या आवडीत त्या आठवड्यात काहीही बदललेले नसते, फक्त मोजमापाची पट्टी वेगळी असते. घसरणीची बातमी वाचताना ती कोणत्या चार्टची आहे हे न पाहता निष्कर्ष काढणारे लेख मी दर उन्हाळ्यात वाचतो, आणि त्यात बँडवर अन्याय होतो असे मला मनापासून वाटते.

आता रेडिओविषयी, कारण येथेच खरे काम चालते आणि त्याच्याविषयी श्रोत्यांना सर्वांत कमी माहिती असते. स्टेशनने गाणे घेतले म्हणजे ते लगेच दिवसभर वाजू लागत नाही. ते आधी हलक्या रोटेशनमध्ये जाते, म्हणजे बहुतेक वेळा रात्री उशिरा किंवा ऐकणारे कमी असतील अशा वेळी दिवसातून एक-दोनदा लागते, तेथे टिकले तर मधल्या रोटेशनमध्ये येते, आणि अगदी थोडी गाणी सकाळ-संध्याकाळच्या प्रवासाच्या वेळी वारंवार वाजणाऱ्या वरच्या गटापर्यंत पोचतात. ब्रिटनमध्ये बीबीसी रेडिओ १ च्या ए, बी आणि सी याद्यांचा हाच अर्थ आहे. वरच्या गटात न्यायचे की नाही हे ठरवण्यासाठी अमेरिकेतील मोठी स्टेशने ‘कॉलआउट’ नावाची चाचणी घेतात. त्यात श्रोत्याला पूर्ण गाणे ऐकवत नाहीत, फक्त काही सेकंदांचा तुकडा, बहुधा कोरसचा (पुन्हा पुन्हा येणाऱ्या ध्रुवपदाचा), ऐकवतात आणि तीन गोष्टी विचारतात: हे गाणे ओळखीचे आहे का, आवडते का, आणि ऐकून ऐकून कंटाळा आला आहे का. या तिसऱ्या उत्तराला धंद्यात ‘बर्न’ म्हणतात. गाणे पुरेसे वाजल्याशिवाय ते ओळखीचे होत नाही आणि ओळखीचे झाल्याशिवाय आवडीच्या आकड्याला अर्थ नसतो, त्यामुळे पहिला भरवशाचा निकाल हाती यायलाच कित्येक आठवडे जातात. ज्या गाण्याची ओळख वाढते, आवड टिकते आणि बर्न कमी राहतो, त्याला कार्यक्रम-संचालक सोडत नाहीत, मग समीक्षकांनी काहीही लिहिलेले असो. उन्हाळी गाण्याची हीच सर्वांत कठोर परीक्षा आहे असे मी मानतो, कारण ती विसाव्या ऐकण्याची परीक्षा आहे.

रेडिओ आणि चार्ट यांच्यात केवढी दरी पडू शकते, याचे ढळढळीत उदाहरण १९९८ मधले आहे. गू गू डॉल्स या बँडचे ‘आयरिस’ हे गाणे त्या वर्षी अमेरिकेच्या रेडिओ चार्टवर १८ आठवडे पहिल्या स्थानी होते, संपूर्ण उन्हाळा ते सगळीकडे वाजत होते, आणि तरीही हॉट १०० वर त्याचे नाव नव्हते, कारण दुकानात विकत मिळणारे सिंगल म्हणून ते काढलेच नव्हते आणि त्या वेळच्या नियमानुसार अशा गाण्यांना तेथे प्रवेश नव्हता. डिसेंबर १९९८ मध्ये नियम बदलला तेव्हा गाण्याचा भर ओसरलेला होता, आणि हॉट १०० वर ते नवव्या क्रमांकापर्यंतच गेले. पुढे कोणी फक्त हॉट १०० चा इतिहास चाळला, तर त्या उन्हाळ्यात लोक प्रत्यक्षात काय ऐकत होते हे त्याला कळणार नाही.

मेच्या अखेरची तारीख का निवडली असावी, हेही या सगळ्यातूनच कळते. उन्हाळ्याचे गाणे उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर काढले तर ते ओळखीचे होईपर्यंत शरद ऋतू उजाडतो. बिलबोर्डचा ‘साँग्ज ऑफ द समर’ हा खास चार्ट मेच्या शेवटच्या सोमवारी येणाऱ्या मेमोरियल डेच्या सुमारास सुरू होतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या लेबर डेला संपतो, आणि त्यात दर आठवड्याची कामगिरी साठत जाते. जुलैच्या मध्यावर आलेले गाणे कितीही मोठे झाले तरी तोवर साठवणीचा निम्मा काळ हातातून गेलेला असतो. पूर्वी हा वेग निराळा होता. रोलिंग स्टोन्सनी ‘सॅटिस्फॅक्शन’ हे गाणे मे १९६५ मध्ये शिकागो आणि हॉलिवूड येथे ध्वनिमुद्रित केले, जूनच्या पहिल्या आठवड्यात ते अमेरिकेत बाजारात आले, १० जुलैला ते हॉट १०० वर पहिले होते आणि चार आठवडे तेथेच राहिले. ब्रिटनमध्ये मात्र तेच सिंगल ऑगस्टमध्ये निघाले आणि सप्टेंबरमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. म्हणजे एकाच गाण्याचे एका देशात ऐन उन्हाळ्याचे गाणे झाले आणि दुसऱ्या देशात उन्हाळा सरतानाचे. ध्वनिमुद्रणापासून चौथ्या आठवड्यात बाजारात जाणे आणि पुढच्या पाच आठवड्यांत शिखर गाठणे हे आज जवळपास अशक्य आहे, म्हणूनच अनुभवी लेबले (संगीत कंपन्या) एप्रिल आणि मे हे महिने धरून ठेवतात.

पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला हंगाम उलटा असतो, ही गोष्ट बहुतेक बँड विसरतात. ५ सेकंड्स ऑफ समर या सिडनीच्या बँडचे ‘यंगब्लड’ एप्रिल २०१८ मध्ये आले. त्यांच्या स्वतःच्या देशात ते आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले तेव्हा तेथे थंडी पडू लागली होती, तर अमेरिकेत तेच गाणे उन्हाळाभर रेडिओवर चढत जाऊन हॉट १०० च्या पहिल्या दहांत आले. याचा उपयोग असा की उत्तर गोलार्धात जूनमध्ये काढलेल्या गाण्याला डिसेंबर-जानेवारीत दक्षिणेकडे दुसरा उन्हाळा मिळू शकतो, पण त्यासाठी कोणी तरी ते तेव्हा तेथे पुन्हा पुढे करावे लागते.

समीक्षांकडे वळतो. सिंगलची समीक्षा बहुधा प्रकाशनाच्याच दिवशी, गाणे चार-पाच वेळा ऐकून, मागच्या अल्बमशी तुलना करत लिहिलेली असते. त्यात समीक्षकाचा दोष नाही, त्याला तेवढाच वेळ मिळतो. मात्र चार-पाच वेळा ऐकून गाण्यातली रचना, शब्द आणि नवेपणा जोखता येतो, पण ते गाणे गाडीच्या उघड्या खिडकीतून, गर्दीच्या मैदानावर किंवा फोनच्या लहानशा स्पीकरवर महिनाभर कानावर पडल्यावर सोबतीला राहील की नाही, हे जोखता येत नाही. त्यामुळे मी समीक्षेत ‘साधे आहे’, ‘उथळ आहे’ किंवा ‘अपेक्षित वळणावर जाते’ अशी विधाने आली तर फार अस्वस्थ होत नाही. एक विधान मात्र मी गंभीरपणे घेतो: ‘हे त्यांच्याच अमुक गाण्यासारखे वाटते.’ कारण तीच तक्रार रेडिओच्या कार्यक्रम-संचालकाच्याही मनात येते, आणि त्याच्याकडे ते जुने, लोकांच्या ओळखीचे गाणे यादीत आधीपासून असते, मग नवे त्याने का घ्यावे? तुमच्या समीक्षकांनी नेमके काय लिहिले आहे हे प्रश्नात दिलेले नाही. त्यांच्या कोमटपणामागे हे कारण असेल तर ते बँडने मनावर घ्यावे, एरवी नाही.

जुन्या चाहत्यांची नाराजी अधिक नाजूक असते, आणि ती झटकून टाकू नये असे माझे ठाम मत आहे. ज्या माणसाने बँडला लहान सभागृहात ऐकले, टी-शर्ट घेतला, मित्रांना गाणी ऐकवली, त्याला गिटारचा आवाज मागे आणि सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) पुढे आलेले पाहून वाईट वाटते, आणि त्याचे वाईट वाटणे खरे असते. परंतु तो नाराज होऊनही गाणे ऐकतो का, हे पाहावे. पहिल्या आठवड्यातील टीकेच्या धुरळ्यातही दर श्रोत्यामागे स्ट्रीमची संख्या जुन्या सिंगलएवढी राहिली, तर चाहता रागावला आहे पण गेलेला नाही. मैफिलींची तिकिटे पूर्वीसारखी जात असतील तर तो प्रश्न अल्बमपर्यंत आपोआप निवळतो, विशेषतः अल्बममध्ये जुन्या वळणाची दोन-तीन गाणी असतील तर. तिकीटविक्री मंदावली असेल, तर मात्र बँडने थांबून विचार करावा, कारण सिंगल एका हंगामाचे असते आणि मैफिलीचा श्रोता अनेक वर्षांचा.

उशिरा उमललेल्या गाण्यांचे सर्वांत मोठे उदाहरण ऑक्सफर्डच्या ग्लास ॲनिमल्स या बँडचे आहे. त्यांचे ‘हीट वेव्हज’ २९ जून २०२० रोजी प्रसिद्ध झाले. महासाथीमुळे त्या उन्हाळ्यात ना महोत्सव होते ना दौरे, आणि गाण्याचा व्हिडिओदेखील लंडनमधल्या रस्त्यावर गायक डेव्ह बेली टीव्हींनी भरलेली गाडी ओढत चालला असताना शेजाऱ्यांनी खिडक्यांतून फोनवर टिपलेला होता. त्या उन्हाळ्यात ते फार मोठे झाले नाही. मात्र ते फिफा २१ या व्हिडिओ गेममध्ये गेले, आणि जानेवारी २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ट्रिपल जे रेडिओच्या ‘हॉटेस्ट १००’ या श्रोत्यांच्या मतदानात पहिले आले. पुढच्याच महिन्यात ते त्या देशाच्या चार्टवर पहिल्या क्रमांकावर पोचले, म्हणजे त्याला त्याचा उन्हाळा दक्षिण गोलार्धात मिळाला. मग छोट्या व्हिडिओंतून, रेडिओतून आणि दौऱ्यांतून ते पसरत राहिले आणि १२ मार्च २०२२ च्या हॉट १०० वर, चार्टवरील आपल्या ५९व्या आठवड्यात, पहिल्या क्रमांकावर गेले. तोवर कोणत्याही गाण्याला इतकी लांबची चढण चढून शिखर गाठता आले नव्हते. वॉक द मूनचे ‘शट अप अँड डान्स’ हे त्याहून साध्या वाटेने गेले. ते सप्टेंबर २०१४ मध्ये निघाले, आधी अल्टरनेटिव्ह रॉकच्या स्टेशनांवर रुजले, तेथून प्रौढ पॉप आणि मग चलतीची गाणी वाजवणाऱ्या टॉप ४० स्टेशनांवर सरकले, आणि हॉट १०० वर चौथ्या क्रमांकाचे आपले शिखर त्याने पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडावर गाठले.

ही उदाहरणे सांगताना मला नेहमी एक भीती वाटते, ती अशी की प्रत्येक थंड पडलेल्या गाण्याचा बँड ‘आमचेही तसेच होईल’ म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवतो. हळू चढणारे गाणे आणि न चढणारे गाणे यांत फरक आहे आणि तो बऱ्यापैकी लवकर दिसतो. हळू चढणाऱ्या गाण्याची एकूण संख्या लहान असली तरी त्यातले ऐकणारे पुन्हा येतात, ते गाणे स्वतःच्या संग्रहात जतन करतात, नाव टाकून शोधतात. स्ट्रीमिंग सेवा कलाकाराला जी आकडेवारी दाखवतात तिच्यात श्रोता कोणत्या वाटेने आला ते दिसते. बहुसंख्य स्ट्रीम संपादकांनी केलेल्या एखाद्या मोठ्या प्लेलिस्टमधून येत असतील आणि जतन करणारे नगण्य असतील, तर प्लेलिस्टमधून नाव निघाल्याच्या दिवशी गाणे संपते. याउलट आकडा मध्यम असून त्यातला मोठा वाटा लोकांच्या स्वतःच्या संग्रहातून व शोधातून येत असेल, तर धीर धरण्यासारखे काही तरी हाती आहे. शाझॅम या गाणे ओळखून देणाऱ्या ॲपवरची नोंद मला याहूनही बोलकी वाटते, कारण गाणे कोणाचे आहे असे विचारणारा माणूस व्याख्येनेच बँडचा चाहता नसतो. ज्या शहरातल्या स्टेशनने गाणे वाजवायला सुरुवात केली, त्याच शहरातून दोन-तीन आठवड्यांत अशी विचारणा वाढली, की लेबलची माणसे तो एक नकाशा घेऊन शेजारच्या शहरांतल्या स्टेशनांकडे जातात. तुम्ही उल्लेख केलेल्या बँडची रेडिओवरची वाढ अशा विचारणेसह होत असेल, तर त्यांचे समाधान पोकळ नाही.

आता लहान बँडने काय करावे याविषयी. सुरुवात मांडणीपासून करावी, कारण नंतर कोणत्याही प्रचाराने ती उणीव भरून निघत नाही. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत चार ठोक्यांचा एक बार दोन सेकंदांचा होतो. आठ बारचा गिटारचा इंट्रो (सुरुवातीचा वाद्यांचा भाग) आणि त्यापुढे सोळा बारचे कडवे ठेवले, तर कोरस ४८व्या सेकंदाला येतो. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्यावर स्ट्रीम मोजला जातो, म्हणजे अनोळखी श्रोत्याला पुढे सरकण्याची मुभा असलेल्या त्या अर्ध्या मिनिटात त्याने गाण्याचा गाभा ऐकलेलाच नसतो. तोच इंट्रो दोन बारचा आणि कडवे आठ बारचे केले, की कोरस २०व्या सेकंदाला सुरू होतो. प्रत्येक गाण्याला हे लावू नये. ज्या गाण्याचा जीव त्या गिटारच्या सुरावटीतच आहे, तेथे ती सुरावट पहिल्या सेकंदाला ठेवून पुढे कोरसमागेही वाजवावी, ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये नेमके तेच केलेले आहे. मैफिलीसाठी लांब इंट्रो जरूर राखून ठेवावा. मिश्रण ऐकताना स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरइतकाच वेळ फोनवर आणि गाडीत द्यावा, आणि तेथे बेस नाहीसा झाल्यावर गाण्याचा ठेका कशावर उभा राहतो ते पाहावे. बहुधा तो स्नेअर ड्रम, टाळ्या आणि छेडलेल्या गिटारच्या मधल्या पट्टीवर उभा असतो, आणि तेवढे स्पष्ट असले की गाणे कोठेही तग धरते.

व्यवहाराच्या बाबी थोड्या आहेत, पण त्या चुकल्या तर उन्हाळा जातो. अंतिम मास्टर (पूर्ण तयार ध्वनिमुद्रण) प्रकाशनाच्या निदान चार आठवडे आधी, गाणे स्ट्रीमिंग सेवांवर पोचवणाऱ्या वितरकाकडे द्यावा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे किमान सात दिवस आधी सादर केले तरच ते अनुयायांच्या ‘रिलीज रडार’ या नव्या गाण्यांच्या यादीत नक्की येते, आणि मी त्यासाठी तीन आठवडे आधीचा दिवस धरतो. गीतकार-संगीतकारांचे वाटे लेखी ठरलेले असावेत. गाणे चालल्यावर ही बोलणी करणे फार कठीण जाते. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला अक्षरे आणि अंक मिळून बारा चिन्हांचा आयएसआरसी नावाचा एक ओळख-क्रमांक मिळतो. सिंगल पुढे अल्बममध्ये घेताना तेच ध्वनिमुद्रण असेल तर तोच क्रमांक द्यावा, म्हणजे सिंगलचे साठलेले स्ट्रीम अल्बममधल्या गाण्याशी जोडलेले राहतात. घाईत नवा क्रमांक दिल्यामुळे महिन्यांची कमाई दोन वेगवेगळ्या नोंदींत विभागलेली मी पाहिली आहे. ध्वनिमुद्रणच वेगळे असेल, म्हणजे ॲकॉस्टिक किंवा मैफिलीतले असेल, तर क्रमांक वेगळाच हवा.

महोत्सवांत नवे सिंगल कोठे गावे, याविषयी माझे मत स्पष्ट आहे: पहिले किंवा शेवटचे म्हणून गाऊ नये, ओळखीच्या दोन गाण्यांच्या मध्ये गावे. नव्या गाण्याच्या पहिल्या कोरसला लोक फक्त पाहतात. दुसऱ्या कोरसला पुढच्या काही रांगांत ओठ हलू लागतात, शब्द चुकलेले असले तरी चालीवर बरोबर बसतात. तिसऱ्या कोरसला गायकाने माईक पुढे केला आणि मागून आवाज आला, तर ते गाणे रेडिओवरही टिकेल असे मी जवळपास खात्रीने सांगतो, आणि आवाज नाही आला तर कोरसची चाल गर्दीच्या आवाक्याबाहेर आहे का हे तपासायला सांगतो. गायकाला जे उंच स्वर सहज लागतात ते हजारो लोकांना लागत नाहीत, आणि लोकांना जे गाता येत नाही ते गाणे ते घरी नेत नाहीत.

तुम्ही ज्या बँडविषयी विचारले आहे, त्यांच्यासमोरचा पुढचा निर्णय बहुधा जुलैच्या मध्यावर येईल, आणि तो म्हणजे दुसरे सिंगल केव्हा काढायचे. स्ट्रीमिंगच्या सवयीमुळे दर सहा आठवड्यांनी काही तरी नवे द्यावे असा दबाव बँडवर असतो, आणि पहिल्या आठवड्यानंतरची घसरण पाहून तो आणखी वाढतो. रेडिओवर पहिले गाणे अजून चढत असताना दुसरे पुढे केले, तर स्टेशनांना दोहोंपैकी एक निवडावे लागते आणि पुष्कळदा ती पहिले सोडून देतात, तेही कॉलआउटचा चांगला निकाल यायच्या आधी. म्हणून त्यांनी ऑगस्टच्या अखेरपर्यंत याच गाण्याच्या पाठीशी उभे राहावे. मधल्या काळात हवे तर महोत्सवातले ध्वनिमुद्रण किंवा ॲकॉस्टिक आवृत्ती द्यावी, आणि रेडिओवरची चढण सलग तीन आठवडे थांबली तरच नवे सिंगल सप्टेंबरसाठी लावावे. त्यांनी तसे केले, तर गाणे चालले की नाही हे तुम्हाला सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कळेल.